गर्डचा व्हीए क्लेम डिनाय झाला, आता अपील कुठं आणि कशाच्या जोरावर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही २०१३ मध्ये मावनीतून, म्हणजे नागरिक नसलेल्यांना भरती करणाऱ्या योजनेतून, यूएस आर्मीत गेलात, २०१९ ला बाहेर पडलात. कंबर २० टक्के, उजवा गुडघा २० टक्के, दोन्ही सर्व्हिस कनेक्टेड, म्हणजे नोकरीमुळं झालेले असं व्हीएनं, अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं, मान्य केलेले, आणि ज्यावर महिन्याचे पैसे ठरतात ते एकत्रित रेटिंग ४०. आर्मीत असल्यापासून आजपर्यंत आयबुप्रोफेन आणि नेप्रोक्सेन चालूच. २०२३ ला सुट्टीत पुण्यात एंडोस्कोपी केली, रिपोर्टमध्ये ग्रेड बी इसोफेजायटिस, म्हणजे अन्ननलिकेची सूज, आला. मग ऑक्टोबर २०२४ ला तुम्ही गर्डचा, म्हणजे ॲसिड रिफ्लक्सचा क्लेम टाकला आणि चार महिन्यांपूर्वी नकाराचं पत्र आलं की सर्व्हिसमध्ये नोंद नाही, सर्व्हिसशी संबंध दिसत नाही. आता कुणी म्हणतंय सरळ व्हीएच्या अपील बोर्डाकडे जा, कुणी म्हणतंय नवा क्लेम टाक, कुणी म्हणतंय सोडून दे, गर्डला काही मिळत नाही. मी ॲक्रेडिटेड, म्हणजे व्हीएची मान्यता असलेला, क्लेम्स एजंट आहे, रिफ्लक्सच्या फायली नेहमी हातात असतात, म्हणून जरा लांबट लिहितो.

पहिली गोष्ट, त्या पत्राचं पहिलं पान बाजूला ठेवा आणि 'रीझन्स फॉर डिसिजन' आणि 'फेवरेबल फाइंडिंग्ज' हे दोन भाग नीट वाचा. तुमच्या पत्रात गर्डचं निदान फेवरेबल फाइंडिंग म्हणून मान्य केलंय असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुम्हाला आजार आहे यावर भांडणच नाहीये! आणि तरी तुम्ही अपीलसाठी काय गोळा करताय, तर अजून गोळ्यांच्या चिठ्ठ्या, अजून जळजळीचे फोटो-डायऱ्या, अजून एक डॉक्टर जो म्हणेल हो याला रिफ्लक्स आहे. हे सगळेच करतात. ज्या मुद्द्यावर क्लेम पडला तो मुद्दा आहे दुव्याचा, त्याला नेक्सस म्हणतात, आणि त्या दुव्याबद्दल एकही कागद नवीन येत नाही, मग दुसऱ्यांदाही तेच उत्तर येतं आणि माणूस म्हणतो व्हीए ऐकतच नाही.

तुमच्या केसमध्ये सरळ दुवा, म्हणजे सर्व्हिसमध्येच गर्ड सुरू झाला हे, अवघड आहे पण अशक्य नाही. तुमची सी-फाइल, म्हणजे व्हीएकडची तुमची पूर्ण फाइल, मागवा, त्यासाठी फॉर्म २०-१०२०६ आहे, आणि सर्व्हिस ट्रीटमेंट रेकॉर्डमध्ये 'गर्ड' शब्द शोधू नका, तो सापडणार नाही. सिक कॉलच्या, म्हणजे आर्मीत आजारी पडल्यावर दाखवायला गेल्याच्या, नोंदींत हार्टबर्न, डिस्पेप्सिया, जीआय अपसेट, एपिगॅस्ट्रिक पेन असलं काही आहे का बघा, फार्मसीच्या यादीत रॅनिटिडीन किंवा ओमेप्राझोल ही ॲसिडची औषधं कधी दिलीत का बघा. बाहेर पडताना डीडी २८०७-१ नावाचा प्रश्नांचा फॉर्म भरला असेल, त्यात वारंवार अपचन किंवा हार्टबर्न होतं का असा एक प्रश्न असतो. तिथं 'येस'वर टिक असेल तर तुमच्या केसची उंची एकदम वाढते. 'नो' असेल तरी घाबरायचं कारण नाही, कारण तुमचा खरा रस्ता दुसरा आहे.

तो रस्ता म्हणजे सेकंडरी सर्व्हिस कनेक्शन. नियम ३८ सीएफआर ३.३१०, सीएफआर म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची नियमावली. जो आजार आधीच सर्व्हिस कनेक्टेड आहे त्याच्यामुळं, किंवा त्याच्यावरच्या औषधामुळं, दुसरा आजार झाला असेल तर तो दुसराही जोडला जातो. आणि नुसता झाला असेल तरच असं नाही, आधीपासून असलेला आजार त्यामुळं वाढला असेल तरी चालतं, त्याला ॲग्रॅव्हेशन म्हणतात, १९९५ च्या ॲलन विरुद्ध ब्राउन या निकालापासून हे पक्कं आहे. कंबर आणि गुडघा मान्य आहेत. त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं नेप्रोक्सेन चालू आहे, आणि आर्मीत ८०० मिलिग्रॅमची आयबुप्रोफेन कशी वाटतात ते सगळ्यांना माहितीय, रेंजर कँडी हे नाव काय उगाच पडलं नाही. तुमच्या क्लेममध्ये हा मुद्दा कुणी मांडलाच नाही, आणि एक्झामिनरनं, म्हणजे व्हीएसाठी तुम्हाला तपासणाऱ्यानं, फक्त एवढंच लिहिलं की सर्व्हिसमध्ये उपचार झाले नाहीत म्हणून संबंध असण्याची शक्यता कमी.

आता इथं जरा थांबून वैद्यकीय बाजू प्रामाणिकपणे सांगतो, कारण चुकीच्या बाजूनं गेलात तर एक्झामिनर एका वाक्यात उडवून लावेल. ही पेनकिलर जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात, त्यातून अल्सर, गॅस्ट्रायटिस होतो, यावर कुणाचा वाद नाही. पण रिफ्लक्स हा मुळात अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा प्रश्न आहे, आणि नेप्रोक्सेनमुळं ती झडप बिघडून गर्ड नव्यानं सुरू झाला असं ठामपणे लिहायला बरेच गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट कचरतात. या गोळ्यांनी आधीच्या रिफ्लक्समधली अन्ननलिकेची जखम वाढते, छातीतली जळजळ वाढते, हे म्हणायला मात्र त्यांना फार अडचण वाटत नाही. म्हणून दोन्ही मागा, 'झाला' पण आणि 'वाढला' पण, आणि डॉक्टरला दोन्हींवर वेगवेगळं मत लिहायला सांगा. एक्झामिनर 'संबंधित नाही' एवढंच लिहून मोकळा झाला असेल तर त्यात ॲग्रॅव्हेशनचं उत्तर येत नाही, हे व्हेटरन्स कोर्टानं २०१३ च्या एल-अमीन निकालात स्पष्ट सांगितलंय. ॲग्रॅव्हेशनमध्ये एक गोची आहे, वाढण्याआधी आजार किती होता याची बेसलाइन वैद्यकीय कागदावरून दाखवावी लागते. म्हणून तुमच्या पहिल्या तक्रारीचा जो काही जुनाट कागद असेल तो सोन्यासारखा जपा, मग तो गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी का असेना.

दुसरा एक धागा तुमच्या मेलमध्ये सहज येऊन गेलाय, की गुडघ्यामुळं पळणं बंद झालं आणि वजन वाढलं. हे तुम्ही रडगाणं म्हणून लिहिलंय, मी ते पुरावा म्हणून वाचतो. लठ्ठपणाला स्वतःला व्हीए आजार म्हणून रेटिंग देत नाही, पण मधली कडी म्हणून तो चालतो, व्हीएच्या जनरल काउन्सेलनं २०१७ मध्ये तसं मत दिलंय आणि २०२० च्या वॉल्श निकालानं ॲग्रॅव्हेशनलाही ते लागू केलं. डॉक्टरला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: गुडघा-कंबरेमुळं वजन वाढलं का, त्या वजनाचा गर्डमध्ये मोठा वाटा आहे का, आणि ते वजन नसतं तर गर्ड झाला नसता का. पोटावरची चरबी आणि रिफ्लक्स यांचा संबंध तर कुठलाही डॉक्टर डोळे झाकून मान्य करेल, अडतं ते पहिल्या प्रश्नावर, कारण एक्झामिनर म्हणतो वजन खाण्यानं वाढलं. त्यामुळं वजनाच्या नोंदी तारखेनिशी हव्यात. भरतीच्या वेळी किती, प्रोफाइल, म्हणजे दुखण्यामुळं कामावर वैद्यकीय बंधन, लागल्यावर किती, बाहेर पडताना किती, आज किती. एका कागदावर चार ओळी.

आता नेक्सस लेटर. पाहिजे तो शब्दप्रयोग 'ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट', म्हणजे पारडं निदान समसमान. खात्री लागत नाही, बरोबरीत असेल तर संशयाचा फायदा व्हेटरनला, म्हणजे माजी सैनिकाला, हा कायदाच आहे. पण नुसतं ते वाक्य लिहून सही मारलेलं पत्र कवडीमोल. २००८ च्या निएव्हेस-रॉड्रिग्ज निकालापासून सगळं वजन कारणमीमांसेला आहे: डॉक्टरनं कुठले कागद वाचले, कुठलं औषध किती डोसनं किती वर्षं, तक्रार कधी सुरू झाली, दुसरी कारणं म्हणजे सिगारेट, दारू, हायटस हर्निया (जठराचा भाग छातीकडे वर सरकणं) यांचा विचार केला का, आणि शेवटी म्हणून मला असं वाटतं. तुमचे पुण्याचे गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट हे लिहू शकतात, पात्र डॉक्टर आहेत, तुम्हाला तपासलंय, स्कोप, म्हणजे एंडोस्कोपी, स्वतः केलीय. त्यांना इंग्रजीत, लेटरहेडवर, पात्रता आणि रजिस्ट्रेशन नंबर टाकून लिहायला सांगा. आपल्याकडे डॉक्टर दोन ओळींत सर्टिफिकेट देतात, 'ही इज सफरिंग फ्रॉम', तसलं नको. एक पान तरी पाहिजे. आणि ऑनलाइन हजारो डॉलर घेऊन तयार साच्यातलं पत्र देणारे जे आहेत त्यांच्या नादी लागू नका, बोर्डाचे जज तो साचा दोन ओळीत ओळखतात.

घरच्यांची पत्रंही लावा. छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं, रात्री उठून बसणं, या गोष्टी सामान्य माणसाला दिसतात-कळतात, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. फॉर्म २१-१०२१०. तुमच्या बायकोनं लिहिलेल्या कच्च्या मसुद्यात 'त्यांना खूप त्रास होतो' असं आहे, त्याचा काडीचा उपयोग नाही. 'पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात, रात्री आठनंतर जेवत नाहीत, महिन्यातून दोन-तीनदा घास अडकतो आणि ताटावरून उठून बेसिनकडे जावं लागतं' असं लिहा, खरं असेल तेवढंच आणि कधीपासून ते पण. आईचं पत्र मराठीत असेल तर मराठीतच राहू दे, सोबत इंग्रजी भाषांतर लावा आणि भाषांतर करणाऱ्याची सही, नाव आणि दोन्ही भाषा येतात असं एक वाक्य. पुण्याच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या पँटोप्राझोलची बिलं असतील तर तीही लावा, बहुतेक नसतील म्हणा.

मार्ग कोणता? फेब्रुवारी २०१९ पासून तीन खिडक्या आहेत. हायर-लेव्हल रिव्ह्यू, फॉर्म २०-०९९६, यात नवा कागद देता येत नाही, सीनियर रिव्ह्यूअर आहे त्याच फाइलवर बघतो, फोनवर एक इन्फॉर्मल कॉन्फरन्स मागता येते. सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५, यात नवा आणि संबंधित पुरावा द्यावाच लागतो. आणि बोर्ड, फॉर्म १०१८२, ज्यात तीन रांगा. सेकंडरीचा मुद्दा फाइलमध्ये आधी कुठंच नाही, म्हणून हायर-लेव्हलला नेऊन फायदा नाही, रिव्ह्यूअर म्हणेल तुम्ही मागितलंच नव्हतं. सरळ बोर्डाकडे जायचा सल्ला तुम्हाला ज्यांनी दिलाय त्यांना बहुतेक जजसमोर बोलायची हौस असावी, पण नेक्ससच नसलेली फाइल घेऊन हिअरिंगच्या रांगेत उभं राहणं म्हणजे वर्षं घालवणं. तुम्ही सप्लिमेंटलच टाका, त्यावर स्पष्ट लिहा की गर्ड, कंबर आणि गुडघ्यासाठीच्या औषधांना सेकंडरी, आणि त्यामुळं वाढलेल्या वजनाला सेकंडरी, झालेला किंवा वाढलेला. नुसती नवी थिअरी लिहून भागत नाही बरं का, तिच्यासोबत नवा कागद पाहिजे, म्हणून डॉक्टरचं पत्र आधी आणि फॉर्म नंतर. सगळं पत्राच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत, म्हणजे ऑक्टोबर २०२४ ची तारीख टिकते आणि मागचे पैसे तिथून मिळतात. वर्ष उलटलं तरी सप्लिमेंटल टाकता येतो, फक्त ती जुनी तारीख जाते.

सप्लिमेंटलनंतर पुन्हा व्हीएची वैद्यकीय तपासणी लागेल, तिला सी अँड पी म्हणतात. तिथं आपल्या लोकांची एक खोड आड येते. घरी तासभर तक्रार करतील आणि एक्झामिनरनं विचारलं हाऊ आर यू डूइंग की 'फाइन, गोळी घेतली की बरं असतं, थोडी ॲसिडिटी'. तो तेच लिहितो. वाढवून सांगायचं अजिबात नाही, पण वाईट आठवडा कसा असतो तेही सांगायचं, आणि गिळताना अडकतं का या प्रश्नाला विचार करून उत्तर द्यायचं, कारण टक्क्यांचा सगळा खेळ आता तिथं आहे.

तर टक्के. १९ मे २०२४ च्या आधी गर्डला रेटिंगच्या तक्त्यात स्वतःचा कोडच नव्हता, हायटस हर्नियाच्या ७३४६ कोडखाली १०, ३०, ६० मिळायचे आणि दोन-तीन लक्षणं नीट नोंदलेली असली तरी १० टक्के सहज होऊन जायचं. त्या तारखेपासून गर्डला ७२०६ हा कोड आला आणि मोजमाप ७२०३ चं, म्हणजे अन्ननलिका अरुंद होण्याचं, स्ट्रिक्चरचं. आता बघा. स्ट्रिक्चरची नोंद आहे आणि गिळण्याच्या त्रासासाठी रोजची गोळी लागते, १० टक्के. परत परत होणारं स्ट्रिक्चर, वर्षातून दोनदापर्यंत फुगा घालून रुंद करावं लागतं, ३० टक्के. वर्षातून तीन किंवा जास्त वेळा, किंवा स्टेरॉइडसह, किंवा स्टेंट, ५० टक्के. त्याच्या पुढं ८० आहे, त्यात अन्न फुफ्फुसात जाणं, कुपोषण किंवा वजन खूप उतरणं आणि शिवाय शस्त्रक्रिया किंवा पोटातली नळी, तिथं कुणी पोचू नये. आणि स्ट्रिक्चर स्कोप, सीटी किंवा बेरियम स्वॅलोवर दिसलेलं पाहिजे, सांगोवांगी चालत नाही. माझं स्पष्ट मत, हा बदल रिफ्लक्सच्या पेशंटवर अन्याय करणारा आहे, कारण रात्र-रात्र न झोपणाऱ्या माणसाचीही अन्ननलिका अरुंद असेलच असं नाही. पण नियम आहे तो आहे.

ज्यांचा क्लेम किंवा अपील १९ मे २०२४ ला चालू होतं त्यांना जुनं-नवं दोन्ही लावून जे फायद्याचं ते मिळतं, फक्त नवं त्या तारखेच्या मागं नेता येत नाही. आणि ज्यांना जुन्या कोडखाली टक्के मिळालेत त्यांचे, नियम बदलला म्हणून कमी होत नाहीत, प्रकृती खरंच सुधारल्याचा वैद्यकीय पुरावा लागतो. अशा लोकांनी वाढीव मागताना दहादा विचार करावा. तुमचा क्लेम ऑक्टोबरचा, त्यामुळं फक्त नवंच.

तुमच्या पुण्याच्या रिपोर्टमध्ये ग्रेड बी आहे, स्ट्रिक्चर नाही. म्हणजे जिंकलात तरी आज शून्य टक्के मिळण्याची शक्यता जास्त, हे आधीच कळलेलं बरं. आणि समजा १० मिळाले तरी काय होतं बघा: व्हीए टक्क्यांची बेरीज करत नाही, उरलेल्या शरीरावर टक्के लावतं. कंबर २० म्हणजे उरले ८०, त्याचे २० टक्के १६, झाले ३६, राउंड करून ४०. त्यात १० घातले तर उरलेल्या ६४ चे साडेसहाच्या आत, होतात ४२, राउंड करून परत ४०. एक सेंट वाढला नाही! ३० मिळाले तर मात्र ५५, म्हणजे ६०, आणि २०२५ च्या दरानं एकट्या व्हेटरनला महिन्याला ७७४.१६ डॉलरचे १,३९५.९३ होतात. पण ३० साठी डायलेटेशन, म्हणजे तो फुगा, लागतं, ते कुणाला हवंय.

मग एवढी खटपट कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. शून्य टक्क्यालाही आजार सर्व्हिस कनेक्टेड होतो, आणि त्याचा उपचार व्हीएत बिनखर्चाचा. भारतात गेल्यावर लागणाऱ्या उपचारांसाठी व्हीएचा फॉरेन मेडिकल प्रोग्राम आहे, तो सर्व्हिस कनेक्टेड आजाराच्या बिलांचे पैसे देतो, म्हणजे पुढची स्कोप पुण्यात झाली तर तिचं बिल पाठवता येईल, रजिस्ट्रेशन आधी करून ठेवा. आणि रिफ्लक्स जिथं थांबत नाही तिथं बॅरेट्स इसोफेगस, म्हणजे अन्ननलिकेचं अस्तर बदलणं, होऊ शकतो, त्याला ७२०७ हा वेगळा कोड आहे, स्ट्रिक्चर नसलं तरी लो-ग्रेड डिसप्लेसियाला, म्हणजे कॅन्सरच्या आधीच्या पेशीबदलाला, १० आणि हाय-ग्रेडला ३०. कॅन्सर झाला तर वेगळंच. अशा वेळी मूळ गर्ड आधीच जोडलेला असला की पुढचं भांडण फार सोपं होतं, आणि विधवेच्या पेन्शनपर्यंतही त्याचा संबंध येऊ शकतो, ते विषयांतर होईल म्हणून सोडतो.

घास अडकतो असं तुमच्या बायकोनं लिहिलंय, ते खरं असेल तर रेटिंगसाठी म्हणून नव्हे, तब्येतीसाठी म्हणून आधी डॉक्टरला सांगा. स्कोपमध्ये न दिसलेलं अरुंदपण कधी कधी बेरियमच्या एक्सरेत दिसतं.

स्लीप ॲपनिया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, गर्डला सेकंडरी टाकू का, हेही विचारलंय. आत्ता नको. गर्डच मान्य नाही तोवर त्याला काही जोडता येत नाही, आणि तो दुवा डॉक्टरही सहज लिहीत नाहीत. गल्फ वॉरच्या प्रिझम्प्शनचं, म्हणजे ठरावीक आजारांचा दुवा गृहीत धरण्याच्या नियमाचं, कुणी सांगितलं असेल तर तेही विसरा, त्यात पोटाचे फंक्शनल आजार येतात, गर्ड त्यात मोडत नाही. सैनिकांच्या विषारी पदार्थांशी आलेल्या संपर्काबद्दलच्या पॅक्ट ॲक्टच्या यादीतही नाही.

पैशांबद्दल. व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे सर्व्हिस ऑफिसर फुकट काम करतात, आधी त्यांना विचारा. माझ्यासारखे एजंट किंवा वकील पहिल्या निर्णयानंतरच फी घेऊ शकतात, मागच्या थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी योग्य धरली जाते. रेटिंग वाढलं की वाढीव रकमेचे पाच महिने आम्हाला द्या असं म्हणणारा कुणी भेटला तर व्हीएच्या साइटवर ॲक्रेडिटेशनच्या यादीत त्याचं नाव शोधा, बहुधा सापडणार नाही. आणि तुमच्या केसमध्ये थकबाकी शून्य होण्याची शक्यता असल्यानं मला नेमण्यापेक्षा सर्व्हिस ऑफिसरकडं जा, हे मी स्वतःच सांगतो.

सप्लिमेंटलही पडलं तर एक्झामिनरचं नवं मत काय आलंय त्यावर पुढचं ठरेल. त्यानं ॲग्रॅव्हेशनवर बोलायचं टाळलं तर हायर-लेव्हल रिव्ह्यू, कारण अपुरी तपासणी ही ड्यूटी टू असिस्टची, म्हणजे पुरावा मिळवायला मदत करण्याच्या व्हीएच्या कर्तव्याची, चूक आहे आणि फाइल दुरुस्तीला परत जाते. त्यानं सगळं बोलून विरोधात मत दिलं आणि तुमच्या डॉक्टरचं मत बाजूनं असेल, तर तेव्हा बोर्ड, आणि डायरेक्ट रिव्ह्यूची, म्हणजे आहे त्याच फाइलवर निकाल देण्याची, रांग, कारण तिथं दोन मतं तोलायचं काम जज करतो आणि नवीन काही द्यायचं उरलेलं नसतं. बोर्डानंतर व्हेटरन्स कोर्टात जायला १२० दिवस असतात.

आत्ता पुण्याच्या डॉक्टरांना सी-फाइलमधली औषधांची यादी, वजनाचा तो कागद आणि हे नकाराचं पत्र एकाच ईमेलमध्ये पाठवा. त्यांचं पत्र यायला दिवाळी मध्ये आली की महिना जातोच.